खऱ्या आगीवरचा सराव: आग तोलून लावायची असते

प्रश्न थोडक्यात असा. चाकण एमआयडीसीतल्या एका कारखान्याचं वीस जणांचं आपत्कालीन पथक आहे. आजवरचा सराव म्हणजे वर्षातून एकदा अर्ध्या कापलेल्या पिंपात डिझेल पेटवायचं आणि एकेकाने एक्स्टिंग्विशर मारायचा. आता आवारातली जुनी शेड पाडायची आहे. पाडण्याआधी ती पेटवून, बीए सेट (पाठीवरच्या सिलिंडरमधून हवा देणारा श्वसनसंच) लावून आत सराव घेतला तर चालेल का? आणि धूर-यंत्र, सिम्युलेटर मिळत असताना खऱ्या आगीची गरज तरी काय?

शेड पेटवू नका. कारणं पुढे येतीलच. पण खरी आग सरावातून काढूनही टाकू नका, कारण तिच्यातून जे शिकायला मिळतं ते दुसरीकडे कुठेही मिळत नाही.

धूर-यंत्राचा धूर थंड असतो. तो खोलीभर सारखा पसरतो आणि त्यात माणूस ताठ उभा चालला तरी त्याला काही होत नाही. शोध घेणं, दोरीच्या आधाराने परत येणं, बीए सेटची सवय होणं यासाठी तो उत्तम, पण त्यात ताठ चालायची सवय लागली की ती पुढे महागात पडते. खऱ्या आगीचा धूर वर साचतो. छताखाली ५००-६०० अंश सेल्सिअस असताना गुडघ्याच्या उंचीवर माणूस तग धरू शकतो, आणि मधली रेघ डोळ्यांनी दिसते. ती रेघ स्थिर आहे की खाली येतेय, धूर दारातून रेंगाळत निघतोय की ढकलल्यासारखा, खालून हवा आत ओढली जातेय का, धुराच्या पोटात निळसर-पिवळ्या जिभा मधूनच चमकून विझतायत का, हे ओळखायला शिकवणं हाच या सरावाचा मुख्य हेतू. धूर म्हणजे न जळलेलं इंधन, हे वाक्य वर्गात सगळे लिहून घेतात. डोक्यावरून ज्वाळा सरकत गेलेली पाहिली की ते खरं कळतं.

गॅसवर चालणाऱ्या सराव-यंत्रांचीही एक खोड आहे. तिथे प्रशिक्षक बटण दाबून आग विझवतो. पाणी किती लागलं आणि कुठे लागलं याचा त्या विझण्याशी संबंध नसतो, त्यामुळे पाण्याचा हिशेब चुकीचा शिकला जातो.

हा हिशेब जरा जवळून पाहू. ३६० लिटर प्रतिमिनिट देणाऱ्या नळीतून सेकंदाला ६ लिटर पाणी सुटतं. एक लिटर पाण्याची १०० अंशांना सुमारे १७०० लिटर वाफ होते. म्हणजे एका सेकंदाचा फवारा पूर्ण वाफ झाला तर १० घनमीटर, पाच सेकंदांचा झाला तर ५० घनमीटर. वीस फुटी कंटेनरच्या आतली जागा आहे ३३ घनमीटर. छोटी फुंकर तापलेल्या थरात नीट बसली तर वायू थंड होऊन आकसतात आणि धुराची रेघ उलट वर जाते. घाबरून ब्रँच (नळीचं तोंड) उघडीच ठेवली तर थर मोडतात, वरची उष्णता जमिनीपर्यंत येते आणि कान, मान, मनगटं आधी पोळतात. हे सांगून पटत नाही. मोजक्या आगीवर, मागे प्रशिक्षक असताना, एकदा एक सेकंद आणि एकदा तीन सेकंद फवारा मारून फरक अंगाने कळू द्यावा लागतो.

हवेचंही तसंच आहे, आणि पुण्यात ते शटरशी जोडून समजावता येतं. लक्ष्मी रोडवरचं कापडाचं दुकान घ्या किंवा उरुळी देवाचीच्या बाजूची गोदामं. शटर खाली, आत माल, आग हवेअभावी गुदमरलेली, बाहेरून नुसता दाट धूर. खोलीच्या आत जास्तीत जास्त किती जळू शकतं, हे उघड्या तोंडाच्या मापावर ठरतं: तोंडाचं क्षेत्रफळ गुणिले उंचीचं वर्गमूळ गुणिले दीड, उत्तर मेगावॅटमध्ये. तीन मीटर रुंद शटर अर्धा मीटर उचललं तर सुमारे १.६ मेगावॅट. तेच पूर्ण अडीच मीटर उचललं तर जवळजवळ १८ मेगावॅट. शटर पाचपट उघडलं आणि आगीची ताकद अकरापट झाली, कारण उंची दोनदा मोजली जाते. म्हणून नळी भरून, ब्रँच हातात घेऊन, मगच शटर हातभर. कंटेनरच्या दाराशी हा प्रयोग करता येतो. दार जवळजवळ बंद करा, आग मंदावू द्या, मग उघडा आणि वाट पाहा. पहिले काही क्षण काहीच होत नाही. मग होतं. त्या काही क्षणांच्या शांततेत आत शिरायचा मोह होतो, आणि तो मोह सरावात एकदा डोळ्यांसमोर फसलेला बरा.

आता शेड का नाही. तीन बाय तीन मीटरची, २.४ मीटर उंचीची खोली आणि एक साधं दार धरलं, तर नेहमीच्या थॉमस सूत्राने ती खोली फ्लॅशओव्हरला (सगळी खोली एकदम पेट घेण्याच्या क्षणाला) जायला सुमारे १.२ मेगावॅट पुरतात. फोमचा एक सोफा एकटा दोन-तीन मेगावॅट देतो. लाकूड म्हणजे सुरक्षित, असंही समजू नका. माल ठेवायची चार लाकडी पॅलेट एकावर एक ठेवली, थर अर्धा मीटर उंच झाला, की दर चौरस मीटर जागेमागे १.४ मेगावॅटच्या आसपास जातं, आणि एका पॅलेटची जागा साधारण दीड चौरस मीटर असते. म्हणजे ‘चार पॅलेट टाकू, फार काही होणार नाही’ या अंदाजात फ्लॅशओव्हर बसलेला आहे. अमेरिकेतल्या यूएल संस्थेच्या तुलनात्मक चाचणीत जुन्या पद्धतीच्या सामानाची बैठकीची खोली फ्लॅशओव्हरला पोहोचायला २९ मिनिटांहून जास्त वेळ लागला. आजच्या फोम आणि कृत्रिम कापडाच्या सामानाची खोली चार मिनिटांच्या आत पोहोचली.

शिवाय शेडमध्ये काय काय आहे हे तुम्हाला माहीत नसतं. वर सिमेंटचे पत्रे असतील तर त्यात बहुधा अ‍ॅस्बेस्टॉस असतं. तापल्यावर ते फटाक्यासारखे तडकतात, तुकडे उडतात आणि तंतू हवेत जातात. लोखंडी कैच्या ५५०-६०० अंशांना निम्मी ताकद गमावतात. भिंतीतली जुनी वायर, फरशीखालचं मुरलेलं ऑइल, पोटमाळ्यावर राहिलेली थर्माकोलची खोकी, यातलं काहीच तोललेलं नसतं. पेठांमधल्या जुन्या वाड्यांचा विषयही मधूनमधून निघतो. पाडायला काढलेला वाडा पेटवून सराव घेण्याची कल्पना तर मुळीच नको. सागवानी तुळया, मातीच्या भिंती, बोळातले चिकटून असलेले शेजारी. तिथे आग तुमची राहत नाही.

रिकाम्या इमारती पेटवून घेतलेल्या सरावांनी माणसं गेली आहेत. अमेरिकेत बोल्डर इथे १९८२ साली दोन अग्निशामक अशाच सरावात मरण पावले आणि त्यानंतर १९८६ मध्ये तिथल्या एनएफपीए या अग्निसुरक्षा संस्थेचं अशा सरावांसाठीचं १४०३ हे मानक आलं. २००१ मध्ये न्यूयॉर्क राज्यातल्या लेअर्ड्सव्हिल इथे १९ वर्षांच्या नव्या भरतीला वरच्या मजल्यावर ‘अडकलेला जखमी’ म्हणून बसवलं होतं. खालचा फोमचा सोफा पेटला आणि जिना बंद झाला. तो मेला, दोन जण गंभीर भाजले आणि सराव घेणाऱ्या अधिकाऱ्याला कोर्टाने दोषी ठरवलं. २००७ मध्ये बाल्टिमोरला एकाच घरात वेगवेगळ्या मजल्यांवर अनेक आगी लावल्या होत्या. प्रशिक्षणार्थी वर गेली ती परत आली नाही. मानक तेव्हाही होतं, पाळलं गेलं नाही. त्यातले नियम असे आहेत: जिवंत माणूस जखमी म्हणून कधीही ठेवायचा नाही, पुतळा ठेवायचा, रिकाम्या इमारतीत एका वेळी एकच आग, फोम, रबर, प्लास्टिक, गालिचे, रसायन मारलेलं लाकूड आणि ज्वालाग्राही द्रव इंधन म्हणून वापरायचं नाही, पाच शिकाऊंमागे एक प्रशिक्षक, आत जाण्याआधी सगळ्यांनी कोरड्या स्थितीत पूर्ण जागा फिरून बघायची, आणि सुरक्षा अधिकाऱ्याच्या हाती फक्त थांबवण्याचं काम, शिकवण्याचं नाही. हा शेवटचा नियम सगळ्यात जास्त मोडला जातो, कारण माणूसबळ कमी असलं की सुरक्षा अधिकाऱ्यालाच नळी धरायला लावतात.

तुमच्यासारख्या पथकाला लागतो तो वीस फुटी जुना मालवाहू कंटेनर. चाकणला कंटेनर मिळायची अडचण नाही, तो तयार करताना मात्र बऱ्याच जणांच्या चुका होतात. कंटेनरची लाकडी जमीन कीडनाशक मारलेल्या प्लायवूडची असते. ती आधी काढायची आणि चेकर्ड प्लेट घालून वर वाळू किंवा फरसबंदीचे ब्लॉक टाकायचे. दारांचे रबरी गॅस्केट काढायचे. बाहेरून अडकणारे कुलुपाचे दांडे कापून टाकायचे, म्हणजे दार चुकूनही बंद होऊन अडकणार नाही. शिकाऊ बसतात त्या बाजूला बाहेर उघडणारं दुसरं दार हवंच, आणि आगीच्या वरच्या छतात बाहेरून दोरीने किंवा दांड्याने उघडणारी झडप. पहिलं जाळणं माणसांशिवाय करायचं, कारण जुना रंग त्यातच जातो. तापमापी चार ठिकाणी: छताखाली, दीड मीटरवर, एक मीटरवर आणि जमिनीपासून एका फुटावर. आकडे बाहेरच्या माणसाला दिसले पाहिजेत, आतल्याला नव्हे. वाकलेल्या माणसाचं डोकं साधारण एक मीटरवर असतं. तिथे १०० अंशांपर्यंत काम चालू द्या. आकडा १५० च्या जवळ जाऊ लागला की बाहेर. बीए मास्कची काच पॉलिकार्बोनेटची असते, ती १५० अंशांच्या आसपास मऊ व्हायला लागते, आणि कोटाच्या आतल्या माणसाला ते कळत नाही.

इंधन वजनकाट्यावर ठेवायचं. सुरुवात २० किलो कोरडं लाकूड आणि दोन किलो सुका पेंढा. वीस किलो लाकडात सुमारे ३४० मेगाज्यूल असतात. दहा मिनिटांत जळलं तरी सरासरी अर्ध्या मेगावॅटच्या थोडी वर. एवढ्यात थर दिसतात, रेघ दिसते, फवाऱ्याचा परिणाम दिसतो. पुढच्या वेळी काय वाढवायचं ते आकडे पाहून. आगीला जिभा फुटलेल्या दाखवायला भिंतींवर पार्टिकल बोर्ड लावतात. स्वीडनमधून आलेल्या फ्लॅशओव्हर सरावात ते असतंच. पण त्या बोर्डातला गोंद जळून निघणारा धूर जास्त वाईट असतो आणि ताबा सुटायची शक्यताही जास्त. कारखान्याच्या पथकाला ते नको, ते पूर्ण वेळच्या दलांसाठी आणि शिकलेल्या प्रशिक्षकांसाठी.

लाकूड कुठलं, याकडे चाकणात विशेष लक्ष द्यावं लागतं, कारण तिथे आयात मालाची पॅलेट ढिगाने पडलेली असतात. त्यांच्या बाजूला गव्हाच्या लोंबीचा शिक्का असतो आणि त्यात दोन अक्षरं. ‘एचटी’ म्हणजे उष्णतेने प्रक्रिया केलेलं, ते चालतं. ‘एमबी’ म्हणजे मिथाइल ब्रोमाइड दिलेलं, ते बाजूला काढा. रंगवलेली, ऑइलचे डाग पडलेली, शिक्का नसलेली तीही नकोत. पावसाळ्यात भिजलेली पॅलेट वाळवल्याशिवाय वापरली तर नुसता धूर होतो, मग कुणीतरी ‘जरा डिझेल मारू’ म्हणतो. सराव तिथेच बंद करायचा.

पाण्याचा हिशेब कागदावर करून ठेवा. दोन नळ्या, एक हल्ल्याची आणि एक मागे भरून ठेवलेली, प्रत्येकी ३६० लिटर प्रतिमिनिट. दोन्ही चालल्या तर ४५०० लिटरच्या बंबातलं पाणी सहा मिनिटांत संपतं. म्हणून मागची नळी दुसऱ्या पंपावर आणि दुसऱ्या टाकीवर असावी. एकाच पंपाला दोन नळ्या लावून ‘बॅकअप आहे’ म्हणणं म्हणजे पंप बंद पडला की दोन्ही गेल्या. आग लावणारा माणूस एकच, पूर्ण गणवेशात, आणि त्याच्या पाठीशी भरलेली नळी. तो बाहेर येऊन ‘पेटवली’ म्हणत नाही तोवर कुणी आत पाऊल टाकायचं नाही.

हवेचा हिशेबही करायचा. ६.८ लिटरचा ३०० बार दाबाचा सिलिंडर म्हणजे साधारण २०४० लिटर हवा. शिट्टी ५० बारला वाजते, तेव्हा ३४० लिटर उरलेले असतात. कामाला १७०० लिटर. कागदावर मिनिटाला ४० लिटर धरले तर ४२ मिनिटं. नव्या माणसाचा उष्णतेत श्वास ७० पर्यंत सहज जातो, मग २४ मिनिटं. हा आकडा प्रत्येकाचा स्वतंत्र मोजून टॅलीवर (बीए सेटच्या नावपट्टीवर) लिहून ठेवा. आत जाताना टॅली बोर्डावर, बाहेर आल्यावर परत हातात. बोर्डवाल्या माणसाला दुसरं कुठलंही काम नाही.

गणवेशाबद्दल दोन गोष्टी पुस्तकात ठळक छापलेल्या नसतात. आत पॉलिएस्टरचा टी-शर्ट नको, तो वितळून चिकटतो. सुती बनियन हवं. आणि भाजतं ते बहुधा ज्वाळेने नाही, दाबाने: खांद्यावर बीएचा पट्टा, गुडघा जमिनीवर, कोपर भिंतीला. जिथे कोट अंगाला दाबला जातो तिथली हवेची फट संपते आणि उष्णता थेट आत येते. घामाने भिजलेला कोट असेल तर आतच वाफ होते. म्हणून एका जागी गुडघा टेकून दोन मिनिटं बसू द्यायचं नाही, आणि ओल्या कोटात दुसरी फेरी नाही.

पुण्यात एप्रिल-मे हे या सरावाचे महिने नव्हेत. १४ ते २० एप्रिलच्या अग्निशमन सप्ताहात प्रात्यक्षिकांची गडबड असते हे खरं (मुंबई गोदीतल्या १९४४ च्या स्फोटाच्या स्मरणार्थ तो पाळतात), पण ३८ अंशांच्या उन्हात वीस किलोचा बोजा घालून ६००-अंशी छताखाली शिरणं यात शिकण्यापेक्षा हृदयावरचा ताण जास्त. अग्निशामकांच्या कामावरच्या मृत्यूंमध्ये हृदयविकाराचा वाटा मोठा आहे. नोव्हेंबर ते फेब्रुवारी, पण अगदी पहाटेही नको: थंडीत सकाळी धूर वर न जाता जमिनीलगत बसतो आणि शेजारच्या कंपनीतून १०१ ला फोन जातो. ऊन चढल्यावर, नऊच्या पुढे. आधी जवळच्या अग्निशमन केंद्राला आणि शेजाऱ्यांना लेखी कळवा, नाहीतर तुमच्या सरावावर खरी वर्दी लागून गाडी येईल.

आत जाण्यापूर्वी बसून मोजलेली नाडी शंभराच्या वर असेल तर त्या दिवशी तो माणूस बोर्डावर. बाहेर आल्यावर कोट काढून, दोन्ही हात कोपरापर्यंत थंड पाण्याच्या बादलीत पंधरा मिनिटं. शरीर थंड करायचा हा सगळ्यात स्वस्त आणि खात्रीचा उपाय आहे, तरी मैदानावर बादल्या क्वचितच दिसतात. पण कोट काढण्याआधी काजळी. अग्निशामकाचं काम कर्करोगकारक असल्याचं आयएआरसी या जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०२२ मध्ये पहिल्या गटात नोंदवलं आहे. मास्क काढण्याआधी कोट ब्रशने झाडून पाण्याने धुवायचा. मान, जबडा, मनगटं ओल्या कपड्याने पुसायची. कोट बंद पिशवीत, आणि ती पिशवी बसमध्ये माणसांसोबत नाही. तासाभरात अंघोळ. हे सगळं शिकाऊपेक्षा प्रशिक्षकाला जास्त लागू, कारण तो दिवसात तीन-तीनदा आत जातो. एका प्रशिक्षकाला दिवसाला दोनच फेऱ्या, हा नियम घालून घ्या.

पिंपातल्या डिझेलचा सराव चालू ठेवायला हरकत नाही, पण पिंप बदला. उथळ लोखंडी ट्रे, चौरस मीटरचा, तळाला पाणी आणि वर बोटभर डिझेल. पेटायला थोडं पेट्रोल लागतं ते आधीच घालायचं, लांब दांड्याच्या मशालीने, वाऱ्याच्या पाठीने पेटवायचं. विझलेल्या गरम ट्रेमध्ये पुन्हा इंधन ओतणं हा या सरावातला सर्वांत नेहमीचा अपघात: वाफ उठते, कडेचं लोखंड अजून तापलेलं असतं, आणि ओतणाऱ्याच्या हातातला डबाच पेटतो. दुसरा ट्रे भरून तयार ठेवा आणि पहिला हात लावता येईल इतका गार होऊ द्या. पाण्याची धार त्यावर कुणी मारणार नाही हे आधी सांगा. तेल उसळून बाहेर येतं.

राहिली शेड. ती पाडायच्या आधी दोन महिने तुमच्याकडे असेल तर न पेटवता तिचा भरपूर उपयोग आहे. पत्रे सिमेंटचे असतील तर ते अखंड उतरवून घ्या, खाली वीज आणि गॅस तोडल्याची खात्री करा, खिडक्यांना काळं प्लास्टिक लावा आणि धूर-यंत्र आत ठेवा. शटर कापणं, कडी-कोयंडा फोडणं, अंधारात भिंतीच्या आधाराने फिरून पुतळा बाहेर काढणं, भरलेली नळी दोन वळणांतून ओढत नेणं, हवा संपत आली असं सांगून परतीची वाट शोधायला लावणं, हे सगळं तिथे करा. वीसच्या वीस जण यात तयार झाले की मग पाच-पाच जणांना कंटेनरमध्ये, वीस किलो लाकडावर.